दीडफुटी विशेषण

बाजारात हातभर लांबीच्या, हिरव्या, दोरीसारख्या लोंबणाऱ्या चवळीच्या शेंगांच्या जुड्या तुम्ही पाहिल्या असतील. साध्या चवळीचीच ही एक उपजाती. वनस्पतिशास्त्रज्ञ तिला 'व्हिग्ना उंगुइकुलाटा' या जातीची 'सेस्क्विपेडालिस' ही उपजाती म्हणतात. आता इथून हजारो किलोमीटर दूर, मादागास्कर बेटावर जाऊ. तिथे झाडांच्या खोडांवर एक आमरी, म्हणजे ऑर्किड, वाढते. तिला पांढरी, चांदणीच्या आकाराची फुले येतात आणि प्रत्येक फुलामागे एक लांबलचक पोकळ नळी लोंबत असते. तिचे शास्त्रीय नाव 'आंग्रेकुम सेस्क्विपेडाले'.

दोन्ही नावांत विशेषण एकच आहे. मग एकीकडे शेवटी 'लिस' आणि दुसरीकडे 'ले' का? हा छापण्यातला दोष नाही. यामागे लॅटिन व्याकरणाचा एक नियम आहे आणि तो समजून घेतला तर जीवशास्त्राच्या पुस्तकातली कितीतरी नावे पाठ करण्याचा त्रास कमी होतो. (आपल्या पुस्तकांत ही नावे बहुधा इंग्रजी वळणाने उच्चारलेली असतात. शेवटचा प्रत्यय स्पष्ट दिसावा म्हणून मी इथे ती शक्यतो लॅटिन वळणाने लिहीत आहे.)

आधी अर्थ पाहू. 'सेस्क्वि' म्हणजे दीड आणि 'पेस' म्हणजे पाऊल किंवा फूट. या 'पेस'चे सामान्यरूप 'पेड-' असे होते. त्याला विशेषण करणारा प्रत्यय लागला की 'सेस्क्विपेडालिस' तयार होते. त्याचा अर्थ दीड फुटाचा, दीडफुटी.

'सेस्क्वि' हा शब्द आणखी फोडून पाहण्यासारखा आहे. 'सेमिस' म्हणजे अर्धा आणि 'क्वे' म्हणजे 'आणि'. लॅटिनमध्ये हा 'क्वे' शब्दाच्या आधी येत नाही, मागे चिकटतो. संस्कृत शिकणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल, कारण संस्कृतातला 'च' अगदी असाच वागतो: 'रामश्च', 'सीता च'. 'क्वे' आणि 'च' ही भावंडेच आहेत. 'सेमि' या शब्दाचे भावंड म्हणजे अर्धा या अर्थाचा संस्कृत शब्द 'सामि'. आणि 'पेड'चे भावंड 'पद' हे सांगायलाच नको. म्हणजे या लांबलचक परक्या शब्दाचे तिन्ही तुकडे आपल्या घरच्या भाषेचे सख्खे नातलग निघाले!

पण एक गोष्ट खटकते ना? 'सेस्क्वि'चा शब्दशः अर्थ नुसता 'आणि अर्धा' एवढाच आहे. मग 'एक' कुठे गेला? तो बोलणाऱ्याच्या मनात राहिला. ज्याचे माप घ्यायचे तो एक आहेच, त्यावर आणखी अर्धा. आपल्याकडे संख्या स्पष्ट सांगून हीच रीत पाळतात. 'साडेतीन' यातला 'साडे' म्हणजे संस्कृत 'सार्ध', अर्ध्यासकट. तीन, अर्ध्यासकट.

मग आपण 'साडेएक' आणि 'साडेदोन' का म्हणत नाही? कारण दीड आणि अडीच हे शब्द दुसऱ्याच हिशेबाने झाले आहेत. 'दीड' हा संस्कृत 'द्व्यर्ध' या शब्दातून आला. त्यात 'दोन' आहे आणि 'अर्धा' आहे. पण त्याचा अर्थ दोन आणि अर्धा असा नव्हे, तर 'दुसरा अर्धा'. पहिला पुरा आहे, दुसरा अर्धाच आहे, म्हणून दीड. 'अडीच' हा 'अर्धतृतीय' या शब्दातून आला, म्हणजे तिसरा अर्धा. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांच्या पाठोपाठ औटकीही घोकून घेत. ती साडेतिनाची. हा 'औट' म्हणजे 'अर्धचतुर्थ', चौथा अर्धा. तुमच्या आजोबा-आजींना औटकी येत असेल तर जरूर म्हणून घ्या.

ही रीत एकट्या आपलीच नाही. जर्मन भाषेत दीडला 'आंडरटहाल्ब' म्हणतात, म्हणजे 'दुसरा अर्धा'. आणि रोमन लोकांनी दीडसाठी 'आणि अर्धा' ही रीत वापरली असली, तरी अडीचसाठी मात्र आपलीच रीत वापरली. त्यांचे 'सेस्टेर्टिउस' नावाचे एक नाणे होते. हे नाव 'सेमिस' (अर्धा) आणि 'टेर्टिउस' (तिसरा) यांपासून झाले आहे. म्हणजे हुबेहूब अर्धतृतीय! कारण सुरुवातीला त्या नाण्याची किंमत अडीच 'आस' होती. 'आस' हे त्यांचे तांब्याचे नाणे. पुढे किंमत चार आस झाली, पण नाव अडीचच राहिले. नावे अशी चिवट असतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

'सेस्क्विपेडालिस' हा मुळात गवंड्या-सुतारांचा शब्द. रोमन वीटभट्ट्यांत दीडफुटी चौरस विटा होत. रोमन फूट सुमारे २९.६ सेंटीमीटरांचा होता, तेव्हा अशी वीट साधारण ४४ सेंटीमीटरांची. इसवी सनापूर्वी ५५ साली ज्युलियस सीझरने ऱ्हाइन नदीवर लाकडी पूल बांधला. त्याचे वर्णन त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. नदीच्या तळाशी ठोकलेल्या जाडजूड तुळयांसाठी त्याने हेच विशेषण वापरले आहे. दीड फूट जाडीच्या तुळया, असा त्याचा साधा अर्थ. त्यात विनोद नाही, मोजमाप आहे.

त्यानंतर काही दशकांनी होरेस या कवीने हेच विशेषण शब्दांना लावले. नाटकातली पात्रे दुःखाच्या प्रसंगी जे अवजड, फुगवलेले शब्द टाकून देतात, त्यांना त्याने दीडफुटी म्हटले. सीझरच्या तुळया डोळ्यांपुढे आणल्या म्हणजे ही थट्टा चांगली कळते. पुढे इंग्रजीने हा शब्द उचलला तो या थट्टेसकट. आजही इंग्रजीत लांबलचक शब्द वापरण्याच्या सवयीला याच शब्दाने नाव ठेवतात. आणि गंमत अशी की तो शब्द स्वतःच भलामोठा आहे!

आता व्याकरण. ते अवघड नाही, कारण मराठीत असेच आहे.

मराठीत विशेषणे दोन प्रकारची असतात हे तुम्ही शिकला आहात. 'काळा घोडा, काळी गाय, काळे मांजर' यांत विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते. 'लाल घोडा, लाल गाय, लाल मांजर' यांत ते बदलत नाही. दीड घालून केलेल्या शब्दांतही हाच फरक दिसतो. 'दीडशहाणा मुलगा, दीडशहाणी मुलगी, दीडशहाणे पोर' हा शब्द बदलतो. पण 'दीडफुटी खांब, दीडफुटी काठी, दीडफुटी लाकूड' यांत 'दीडफुटी' जागचा हलत नाही.

लॅटिनमध्येही पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग अशी तीन लिंगे आहेत. तिथल्या विशेषणांचे मात्र प्रकार तीन. पहिला प्रकार तीन रूपांचा, आणि त्याची उदाहरणे थेट स्वयंपाकघरात सापडतात. 'सातीवुस' म्हणजे पेरलेला, लागवडीचा. मुळ्याचे नाव 'राफानुस सातीवुस', भाताचे 'ओरिझा सातीवा', लसणाचे 'आलिउम सातीवुम'. कोथिंबीरही 'कोरिआंड्रुम सातीवुम'. राफानुस पुल्लिंगी, ओरिझा स्त्रीलिंगी, आलिउम आणि कोरिआंड्रुम नपुंसकलिंगी, म्हणून विशेषणाची शेपटी उस, आ, उम अशी बदलली. चार निराळे शब्द पाठ करायची गरज नाही, विशेषण एकच आहे.

दुसरा प्रकार दोन रूपांचा. यात पुल्लिंग आणि स्त्रीलिंग यांना मिळून एकच रूप, शेवटी 'इस', आणि नपुंसकलिंगाला वेगळे, शेवटी 'ए'. आपले 'सेस्क्विपेडालिस' या प्रकारातले. आल्याचे नाव 'झिंगिबेर ओफिसिनाले' आहे, कारण झिंगिबेर नपुंसकलिंगी. आवळ्याचे जुने नाव 'एम्ब्लिका ओफिसिनालिस' होते, कारण एम्ब्लिका स्त्रीलिंगी. (हे विशेषण औषधी म्हणून दुकानात ठेवल्या जाणाऱ्या वनस्पतींना लावतात.)

तिसरा प्रकार आपल्या 'लाल'सारखा, तिन्ही लिंगांत एकच रूप. ज्वारी म्हणजे 'सोर्घुम बिकोलोर', दुरंगी. सोर्घुम नपुंसकलिंगी. भाजीचा माठ म्हणजे 'आमारांथुस ट्रिकोलोर', तिरंगी. आमारांथुस पुल्लिंगी. पण 'कोलोर'ला त्याचे काहीच नाही.

शिवाय लॅटिन विशेषणे वचन आणि विभक्तीप्रमाणेही बदलतात. सीझरच्या तुळया आणि होरेसचे शब्द, दोन्ही नामे लॅटिनमध्ये नपुंसकलिंगी आणि अनेकवचनी. म्हणून दोघांनीही 'सेस्क्विपेडालिया' हे एकच रूप लिहिले. पण सजीवांच्या नावांत फक्त प्रथमेचे एकवचन लागते. तेवढ्यापुरते आपण सुटलो.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर सोपे झाले. लांब शेंगांच्या चवळीला लिनीयसने १७६३ साली 'डोलिकोस सेस्क्विपेडालिस' असे नाव दिले. 'डोलिकोस' हा लांब या अर्थाचा ग्रीक शब्द आणि तो पुल्लिंगी. पुढे ही वनस्पती 'व्हिग्ना' या प्रजातीत गेली. व्हिग्ना हे नाव दोमेनिको व्हिग्ना या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडले आणि ते स्त्रीलिंगी. लिंग बदलले तरी 'सेस्क्विपेडालिस' तसेच राहिले, कारण पुल्लिंग-स्त्रीलिंगाचे रूप एकच. पण साध्या चवळीचे पाहा. तिचे जुने नाव 'डोलिकोस उंगुइकुलाटुस', नखी असलेला. घर बदलताच ते 'व्हिग्ना उंगुइकुलाटा' झाले. 'आंग्रेकुम' मात्र नपुंसकलिंगी, म्हणून 'सेस्क्विपेडाले'. हा शब्द तर लॅटिनही नाही. मलय भाषेत ऑर्किडला 'आंग्रेक' म्हणतात, त्याला 'उम' शेपूट जोडून त्याला लॅटिन वेष चढवला. आपण नाही का 'टेबल' नपुंसकलिंगी, 'बस' स्त्रीलिंगी आणि 'रेडिओ' पुल्लिंगी करून घेतला, तसेच हे.

शिक्षकांनी हा भाग वर्गात घेताना दोन खाचखळगे दाखवून द्यावेत. पहिला झाडांचा. वडाची, पिंपळाची, उंबराची प्रजाती 'फिकुस'. शेवटी 'उस' पाहून ती पुल्लिंगी वाटते. पण पिंपळ आहे 'फिकुस रेलिगिओसा', उंबर 'फिकुस रासेमोसा'. कारण प्राचीन रोमन लोक बहुतेक झाडांना स्त्रीलिंगी मानत. तुती 'मोरुस आल्बा' आणि चिंच 'टामारिंडुस इंडिका' यांचेही तेच. आपला वड पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी. झाडाला त्याचे काय! दुसरा खळगा असा की जातीचे नाव नेहमी विशेषणच असते असे नाही. बटाटा 'सोलानुम टुबेरोसुम' हा नियमात बसतो. पण वांगे 'सोलानुम मेलोंगेना'. इथे 'मेलोंगेना' हे नाम आहे आणि नाम दुसऱ्या नामासाठी आपले रूप बदलत नाही.

वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता या जुळणीबाबत कडक आहे. कोणी चुकीच्या लिंगाचे रूप छापले, तर ते दुरुस्त करून वाचायचे आणि नाव देण्याचा मान मूळ शास्त्रज्ञाकडेच राहतो. पण अर्थाचे काय? अर्थ चुकीचा असेल तर? तिथे संहिता हात लावत नाही! एखादे नाव नियमाप्रमाणे एकदा दिले गेले की केवळ ते शोभत नाही म्हणून ते रद्द होत नाही. चिंचेचे नाव पाहा. 'टामारिंडुस' हे अरबी 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानी खजूर, यावरून आले. त्यापुढे 'इंडिका', म्हणजे भारतीय. एका नावात दोनदा भारत, आणि झाड मूळचे आफ्रिकेतले! अर्थामुळे नावे बदलण्याचा अपवाद २०२४ साली माद्रिदच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत झाला. दक्षिण आफ्रिकेत काळ्या लोकांसाठी शिवी म्हणून वापरला गेलेला एक शब्द दोनशेहून अधिक नावांत होता. ती 'काफ्रा'ची 'आफ्रा' करावीत, म्हणजे आफ्रिकेतली, असे मतदानाने ठरले. माझ्या मते हा अपवाद योग्यच होता.

तर मादागास्करच्या फुलाचे दीडफुटी हे विशेषण खरे आहे का, हे तपासायला हवे. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ द्यु पेती-थुआर यांनी हे फूल अठराव्या शतकाच्या अखेरीस पाहिले आणि १८२२ साली त्याचे वर्णन छापले. जानेवारी १८६२ मध्ये जेम्स बेटमन यांनी अशी काही फुले चार्ल्स डार्विनकडे पाठवली. डार्विनने नळ्या मोजल्या. त्या साडेअकरा इंच, म्हणजे २९.२ सेंटीमीटर भरल्या. हा एक रोमन फूट झाला, दीड नव्हे. सर्वांत मोठ्या फुलांत पाकळीच्या टोकापासून नळीच्या टोकापर्यंत मोजले तर ४३ सेंटीमीटरांपर्यंत जाते. म्हणजे विशेषण थोडे फुगवलेलेच. पण ते राहिले.

डार्विनला नावाशी कर्तव्य नव्हते. त्याला कोडे पडले ते वेगळेच. त्या साडेअकरा इंच नळीत मधुरस होता फक्त तळच्या दीड इंचात. एवढ्या खोल विहिरीत पाणी ठेवण्याचा फुलाला उपयोग काय? त्याने निरनिराळ्या जाडीच्या वस्तू नळीत घालून पाहिल्या. पातळशी कांडी तोंडाशी नेमक्या जागी दाबून खाली सारली आणि मग बाहेर काढली, तेव्हाच परागपिंड तिला चिकटून आले. त्यावरून त्याने ताडले की मादागास्करमध्ये असा एखादा पतंग असला पाहिजे, ज्याची सोंड लांब करता १० ते ११ इंच होते. नळी आखूड असती तर पतंगाला सोंडेचे मूळ फुलाच्या तोंडावर दाबावे लागले नसते, तसे झाले नसते तर पराग लागले नसते आणि फुलाला बी धरले नसते. त्याच वर्षी निघालेल्या ऑर्किडांवरील पुस्तकात त्याने हे लिहिले. काही कीटकतज्ज्ञांनी त्याची थट्टा केली.

१८६७ साली आल्फ्रेड रसेल वॉलेसने डार्विनची बाजू घेतली. गणितावरून नेपच्यून ग्रह शोधणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांइतक्याच भरवशाने मादागास्करला जाणाऱ्यांनी हा पतंग शोधावा, असे त्याने म्हटले. १९०३ साली रॉथशिल्ड आणि जॉर्डन यांनी मादागास्करच्या एका मोठ्या पतंगाचे वर्णन छापले. त्याची सोंड त्या मापाची होती. डार्विन तेव्हा हयात नव्हता, तो १८८२ मध्येच वारला होता. पतंगाला त्या फुलावर मधुरस पिताना आणि पराग नेताना प्रत्यक्ष पाहिले गेले ते आणखी जवळपास नव्वद वर्षांनी, १९९२ साली.

'सेस्क्वि' आज सर्वांत जास्त भेटतो तो रसायनशास्त्रात. लोखंडाच्या गंजातले फेरिक ऑक्साइड घ्या. त्यात लोखंडाच्या २ अणूंमागे ऑक्सिजनचे ३, म्हणजे एकामागे दीड. अशा ऑक्साइडांना सेस्क्विऑक्साइड म्हणतात. बॉक्साइटमधले ॲल्युमिनियम ऑक्साइडही त्यांतलेच. पॅन्टोप्राझोल या आम्लपित्तावरील औषधाचे सोडियम लवण सेस्क्विहायड्रेट असते, म्हणजे लवणाच्या दर दोन घटकांमागे पाण्याचे तीन रेणू. अर्धा रेणू असू शकत नाही. दीड हे फक्त प्रमाण आहे. सुगंधी तेलांत १० कार्बन अणूंच्या रेणूंना मोनोटर्पीन म्हणतात, तेव्हा १५ कार्बनांची ती सेस्क्विटर्पीन. आल्याच्या तेलात 'झिंजिबेरीन' हे असेच एक सेस्क्विटर्पीन आहे.

परत त्या पतंगाकडे येऊ. १९०३ साली तो आफ्रिका खंडावरील एका पतंगाची उपजाती म्हणून नोंदला गेला. २०२१ साली शास्त्रज्ञांनी त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. त्या वेळी मोजलेल्या एका नमुन्याची सोंड २८.५ सेंटीमीटर भरली. त्याचे आजचे नाव 'झांथोपान प्रेडिक्टा'. 'प्रे' म्हणजे आधी, 'डिक्टा' म्हणजे सांगितलेली. हे धातूपासून झालेले विशेषण 'सातीवुस'च्या प्रकारातले, तीन रूपांचे: प्रेडिक्टुस, प्रेडिक्टा, प्रेडिक्टुम. पतंगाच्या नावात यांपैकी कोणत्या लिंगाचे रूप आले आहे, हे आता तुम्हीच सांगाल.